खुर्च्या कुठं लावायच्या?

गेला आठवडाभर माझ्या लॅपटॉपवर एक फॉर्म उघडा पडलाय. आमच्या नाटकाच्या ग्रुपसाठी अनुदान मागायचंय, रक्कम काही फार मोठी नाही, पण मिळालीच तर लाईट कमी-जास्त करायचा एक बरा डिमर विकत घेता येईल आणि दर प्रयोगाला भाड्याने आणायची कटकट जाईल. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे हिशोब, पॅन कार्ड, सगळं भरून झालं. सातव्या पानावर गाडी अडली ती अडलीच. 'संस्थेची कलात्मक उद्दिष्टे, कमाल ३०० शब्द'. आणि त्याच्या खाली, 'लाभार्थींची अपेक्षित संख्या'.

आता मी पडले लाईट्सवाली बाई. नोकरी विमा कंपनीत, आणि संध्याकाळी किंवा रविवारी हे. चौदा वर्षं झाली, नाटकात काय चाललंय ते मी कायम मागून, अंधारातून, मांडीवर क्यू शीट, म्हणजे कुठला लाईट कधी याची यादी, ठेवून बघत आलेय. उद्दिष्टं वगैरे सांगायचं काम दिग्दर्शकाचं. पण आमचा दिग्दर्शक म्हणाला, "तूच लिही, मी लिहिलं की त्याची कविता होते." हे खरंच आहे. मागच्या वेळी त्याने लिहिलेलं त्यात 'मौनाच्या उंबरठ्यावर' असे शब्द होते आणि तो फॉर्म नापास झाला, आता त्या उंबरठ्यामुळेच झाला की काय माहीत नाही.

मग मी ग्रुपवर विचारलं, की बाबांनो आपली कलात्मक उद्दिष्टं काय आहेत. एकाने लिहिलं, चांगलं नाटक करणं. एकीने लिहिलं, काहीतरी वेगळं करणं. तिघांनी अंगठा पाठवला. आणि आमचा टेम्पोवाला, जो एका दौऱ्याच्या वेळी ग्रुपमध्ये आला आणि नंतर त्याला काढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, त्याने लिहिलं, "मॅडम रविवारी किती वाजता?"

तर हे सगळं त्या ३०० शब्दांच्या निमित्ताने डोक्यात आलेलं आहे. फॉर्ममध्ये बसणार नाही म्हणून इथे.

माझा मामा परळला राहायचा आणि बेस्टमध्ये होता. नाटकवेडा वगैरे अजिबात नव्हता, वर्षातून दोनदा शिवाजी मंदिरला सहकुटुंब जाणारा, मध्यंतरात वडा खाणारा माणूस. पण ७०च्या दशकात कुणीतरी मित्राने त्याला दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नेलं आणि त्याबद्दल तो पुढे तीस वर्षं बोलत राहिला. नाटक कुठलं होतं ते त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही. म्हणायचा, "कळलं काही नाही गं, पण तो नट माझ्या इतका जवळ होता ना, की त्याच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं मला दिसत होतं. आणि पंखे बंद केलेले, ऐकू यावं म्हणून. घामाघूम. खाली भाजीवाले ओरडतायत. आणि तो माणूस रडत होता तर मला कुठं बघावं ते कळेना."

कुठं बघावं ते कळेना. लहानपणी मला हे वाक्य गमतीचं वाटायचं. आता वाटतं की मामाने जे सांगितलं ते नाटकाच्या परीक्षणात सहसा नसतं.

त्या हॉलमागची संस्था म्हणजे आविष्कार. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे या तिघांनी सुरू केलेली. हे लोक त्याआधी रंगायनमध्ये होते, म्हणजे विजया मेहता आणि तेंडुलकर वगैरे मंडळींची जी संस्था, तिथे. रंगायनचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मधलं, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं आणि त्यातली नायिका बेणारेबाई म्हणजे सुलभाताई. मला त्या नाटकाची गंमत अशी वाटते की ते नाटकच मुळी एका हौशी नाटक मंडळाबद्दल आहे. परगावच्या एका हॉलमध्ये प्रयोगासाठी पोचलेली माणसं, प्रयोगाला अजून वेळ आहे, काय करायचं म्हणून खोटा खटला खेळू या म्हणतात आणि मग तो खोटा राहत नाही. कुठल्याही ग्रुपमध्ये काम केलेल्या माणसाला ते वातावरण चांगलं ओळखीचं आहे. रिकामा हॉल, कुणीतरी अजून यायचंय, चहा कुठाय, आणि हळूहळू सगळे एकमेकांचे खिसे उलटे करायला लागतात.

तर आविष्कार. आता लोकांना वाटतं की आविष्कार म्हणजे पहिल्यापासून छोटं, जवळचं, चार खुर्च्या आणि एक बल्ब असं नाटक. तसं नाहीये. त्यांनी सुरुवात केली ती 'तुघलक'ने! कार्नाडांचं, तेंडुलकरांनी मराठीत आणलेलं, अरुण सरनाईक सुलतान. म्हणजे राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणारा बादशहा, दरबार, फौजफाटा, असलं भलंमोठं प्रकरण. नवीन निघालेल्या संस्थेने करायचं पहिलं नाटक म्हणून याहून महागडं शोधून सापडलं नसतं. लहान असणं हे काही त्यांनी बैठक घेऊन ठरवलेलं ध्येय नव्हतं एवढंच मला सांगायचंय.

मग १९७४ मध्ये ते छबिलदासमध्ये आले. सुलभाताई त्याच शाळेत शिक्षिका होत्या, पोरांसाठी नाटकं बसवायच्या, तेंडुलकरांनी त्यांच्यासाठी बालनाट्यं लिहिलेली. म्हणजे मराठी प्रायोगिक रंगभूमीचं जे काही 'छबिलदास पर्व' म्हणून अभ्यासक्रमात शिकवतात, त्याच्या मुळाशी शाळेतल्या एका बाईंची ओळख आहे. शाळेचा हॉल मिळतोय तर घ्या. लग्नंही लागायची तिथे. धड रंगमंच नाही, विंगा नाहीत, उंची नाही. मग पडदा कशाला, मग सेट कशाला, मग नट प्रेक्षकांच्या मांडीवर येऊन उभा राहिला तर राहिला. आधी जागा आली आणि शैली मागाहून आली, असं मला तरी दिसतं. अभ्यासक लोक उलटं सांगतात पण ते ३०० शब्दांत सांगायची सवय असलेले लोक आहेत.

आणि त्यांनी केलेली खरी गोष्ट म्हणजे हॉल स्वतःपुरता ठेवला नाही. ही मला त्यांच्या सगळ्या नाटकांपेक्षा मोठी वाटते, आणि हे मी नाटकं कमी लेखण्यासाठी म्हणत नाहीये. अमोल पालेकरांची अनिकेत, सत्यदेव दुबेंचं काम, आणखी कितीतरी छोटे ग्रुप तिथं आले, प्रयोग केले, पडले, परत आले. म्हणजे स्वतःच्या दुकानात समोरच्याला गाळा काढून दिल्यासारखं. आमच्या ग्रुपकडे एकच स्पॉटलाईट आहे आणि तो दुसऱ्या ग्रुपला द्यायचा म्हटला तर आमच्यात तीन दिवस अबोला होतो, त्यामुळे मला याची किंमत कळते.

पालेकरांनी बादल सरकारांचं 'मिछिल' मराठीत 'जुलूस' म्हणून केलं. बादल सरकार हा माणूस मला भारी आवडतो, कारण तो नगररचनेच्या कामातला, म्हणजे माणसं कुठून येतील, कुठून जातील, कुठं बसतील याचाच विचार करणारा. कलकत्त्यात स्वतःची शताब्दी नावाची संस्था, भरपूर गाजलेली नाटकं, आणि मग एक दिवस म्हणाला की हा उंच रंगमंच, हा अंधारातला प्रेक्षक, हे लाईट्सचे खेळ (माझं पोट!) हे सगळं नको. खोलीत करू, बागेत करू, गावात करू. त्याने आपलं नाटक कसं असावं हे तीन शब्दांत सांगितलेलं आहे. लवचिक, उचलून नेता येण्यासारखं, आणि स्वस्त. संपलं. फॉर्मवाल्यांनी २९७ शब्द परत घ्यावेत.

फक्त एक आहे, की स्वस्त म्हणजे लहान असं समीकरण करायचं नाही. पुण्यात १९७२ च्या डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल' आलं तेव्हा त्यात माणसांची भिंत होती. ओळीने उभे राहिलेले बामण हाच पडदा, तेच गाव, तेच कारस्थान. लाकूड नाही, कापड नाही, नुसती माणसं. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते बंद केलं तर मंडळी बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली. एका नाटकाचे प्रयोग चालू राहावेत म्हणून संस्था काढायची! आता कुणी असं केलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

छबिलदासचा हॉल नंतर गेला. जागा जातातच. त्याच्या आधी ब्रीच कँडीजवळचं भुलाभाई इन्स्टिट्यूट होतं, तेही गेलं. आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. मी कॉलेजात असताना मामाकडे राहायला गेले की तिथं जायचे, ९०च्या दशकात. शाळेचा वास असायचा, खडू आणि ओल. भिंतीवर बोधवचनं. मी तेव्हा नाटकात नव्हते पण मला आठवतं की मी नटांपेक्षा त्या लाईटकडे जास्त बघायचे, शाळेच्या भिंतीवर प्रकाश पडला की ती भिंत शाळेची राहायची नाही, आणि ब्लॅकआऊट झाला की परत शाळेची व्हायची. कुणीतरी बटण दाबतंय एवढंच, पण ते कुणीतरी मला व्हायचं होतं.

त्याच काळात, १९९४ मध्ये, त्यांनी एलकुंचवारांची तीन नाटकं एका माळेत केली, 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं. तिन्ही मिळून जवळजवळ नऊ तास. मला ते बघायला मिळालं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, मामाने तिकीट काढतो म्हणून काढलं नाही. पण जरा विचार करा, ज्या संस्थेकडे स्वतःची जागा नाही, पैसे नाहीत, नटांना द्यायला नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, नाही, ती संस्था म्हणते आम्ही नऊ तासांचं नाटक करणार. व्यावसायिक निर्मात्याला हे सांगून बघा. तो तुम्हाला चहा पाजेल आणि जाताना दार लावून घेईल. छोट्या संस्थेला परवडत काहीच नसतं, म्हणून तिला न परवडणारी गोष्ट करताना फार फरक पडत नाही असं काहीतरी असावं.

काकडे २०१९ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल वाचताना मला कायम वाटतं की हे आपलं खातं. म्हणजे मागे उभं राहणाऱ्यांचं. अरविंद देशपांडे १९८७ मध्येच गेले, सुलभाताई २०१६ मध्ये, आणि या सगळ्यात हा माणूस हॉल, तारखा, पत्रव्यवहार, महोत्सव, परवाने बघत जवळजवळ पन्नास वर्षं संस्था चालवत राहिला. नाटकाच्या इतिहासात याला प्रकरण मिळत नाही, फार तर ऋणनिर्देश मिळतो.

बरं. आता आमचं.

आम्ही अकरा जण. पुण्यात. संस्थेचं नाव सांगत नाही कारण वाचून कुणी फोन करेल ही भीती, आणि त्याहून मोठी भीती कुणी करणार नाही ही. आमच्यातला एक आयटीत, दोघं शिक्षक, एक जण वडिलांचं किराणा दुकान बघतो, एक मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे (दौऱ्यात फार उपयोगी). सुरुवात नेहमीचीच. कॉलेजात एकांकिका, पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात घसा बसेपर्यंत आरडाओरडा, मग डिग्री, मग नोकरी, मग चार वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात भेटलो आणि कुणीतरी म्हणालं काहीतरी करू या ना यार. तालमीसाठी एका शिकवणीच्या क्लासची खोली मिळाली, रात्री साडेआठनंतर. तिथं हात लावायचा नाही असा फळा होता ज्यावर कायम कुठलं तरी समीकरण अर्धवट सोडवलेलं असायचं, आणि चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आमच्या पहिल्या नाटकाचं नेपथ्य म्हणजे त्या खुर्च्या, कारण त्या ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

हिशोब सांगते, कारण उद्दिष्टांच्या चर्चेत हिशोब कुणी सांगत नाही. मागच्या प्रयोगाचा. हॉल ६,०००. टेम्पो २,५००. लाईट्सचं भाडं ४,०००. लेखकाचं मानधन १,०००, ते तो घेत नाही, आम्ही देतो, मग तो घेतो. चहा, वडे, पाणी १,१००. छपाई, झेरॉक्स, चिकटपट्टी असं सगळं ८००. एकूण १५,४००. तिकीट २०० रुपये आणि माणसं ८३. म्हणजे आले १६,६००. उरले १,२००. अकरा जणांत वाटले तर माणशी १०९ रुपये, आणि आम्ही ते वाटले नाहीत, त्याची मिसळ खाल्ली आणि वर दीडशे रुपये खिशातून गेले. हा यशस्वी प्रयोग होता हं. त्याशिवाय सेन्सॉर नंबर, म्हणजे ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, त्यासाठी संहितेच्या प्रती, अर्ज, फेऱ्या, हे वेगळंच खातं आहे, ते आमच्यातल्या किराणा दुकानवाल्याकडे आहे कारण त्याला सरकारी कागदांशी बोलता येतं.

पुण्यात निदान जागा तरी आहेत. सुदर्शन आहे, जिथे आम्ही सगळेच लहानाचे मोठे झालो, आता द बॉक्स आहे, श्रीराम लागू रंग-अवकाश आहे, जिथे खुर्च्या हलवता येतात. हे ज्याला क्षुल्लक वाटत असेल त्याने एकदा हजार सीटच्या महापालिकेच्या नाट्यगृहात ८३ माणसांसमोर प्रयोग करून बघावा. ते ८३ पण असे बसतात की एक इथं, एक तिथं, आणि तिघं जण एसीच्या खाली.

आता आमच्या एका नाटकाची गोष्ट. घर आहे, म्हातारा आजारी आहे, त्याला दवाखान्यात न्यायचं की नाही, खर्च कुणी करायचा, यावर मुलगा, सून आणि मुलगी भांडतात. म्हातारा मधेमधे खोकतो आणि पाणी मागतो. भांडणाच्या नादात त्याला पाणी कुणी देतच नाही. सात मिनिटं. बस, एवढंच आहे, यात काही मोठं तत्त्वज्ञान नाही. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात, अगदी दोन-अडीच फुटांवर, आणि सातव्या मिनिटाला मी म्हाताऱ्यावरचा लाईट हळूहळू कमी करत नेते, साधारण चाळीस सेकंद.

हे नाटक घेऊन आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. बोलावणारे लोक प्रेमळ होते. फोनवर म्हणाले, स्टेज मोठं आहे आमचं, काळजीच करू नका. पोचलो तर पाच फूट उंच स्टेज, समोर मैदान, आणि पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफा. दिग्दर्शकाचा चेहरा पडला. मग त्याने आयोजकांना समजावलं की प्रेक्षकांना वर स्टेजवरच बसवू, फक्त साठ-सत्तर लोक. आयोजक बघतच राहिले. लोकांना स्टेजवर? मग नट कुठं? तेही वरच. मग खाली कोण? खाली कुणी नाही. बराच वेळ शांतता. मग त्यातला एक जण हसला आणि म्हणाला करू की, काय होतंय.

खुर्च्या वर गेल्या. सोफाही वर गेला, कारण साहेब सोफ्यावरच बसणार हे आधीपासून ठरलेलं. चार पोरांनी तो उचलून आणला आणि जिथे आमच्या सुनेची एन्ट्री आहे बरोब्बर तिथं ठेवला. प्रयोगभर सून साहेबांच्या सोफ्याला वळसा घालून येत होती. तिने नंतर सांगितलं की तिसऱ्या एन्ट्रीपासून तिला ते आपल्या घरातलंच फर्निचर वाटायला लागलं, आणि साहेब म्हणजे कुणी न बोलणारे सासरकडचे नातेवाईक.

आणि मग पाचव्या मिनिटाला, म्हातारा पाणी मागत होता, घरचे भांडत होते, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजीने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि म्हाताऱ्यापुढे धरली. "घ्या," म्हणाली. मोठ्याने नाही. नुसतं घ्या.

मला मागून आमच्या नटाची पाठ दिसत होती. अर्धा क्षण तो थांबला. घेतली, तर नाटक मोडतं, कारण पाणी न मिळणं हेच नाटक आहे. नाही घेतली, तर समोर धरलेलं पाणी नाकारणारा म्हातारा होतो, ते आणखीनच वेगळं. त्याने घेतली. प्यायला. बाटली परत दिली आणि मान वळवून भांडणाऱ्या पोरांकडे बघितलं. ते तिघं गप्प. खरे गप्प, म्हणजे वाक्य विसरल्यासारखे गप्प, मला ओळखू येतं. मग मुलीचं काम करणारी जी होती तिने खालच्या आवाजात पुढचं वाक्य घेतलं, पैशाचंच, जे एरवी ती ओरडून घेते. आणि ते वाक्य इतकं घाणेरडं वाटलं, इतकं, की सोफ्यावरच्या साहेबांनी पाय खाली घेतले. मी माझा चाळीस सेकंदांचा क्यू घेतलाच नाही. हात गेला नाही फेडरवर. म्हातारा शेवटपर्यंत लख्ख उजेडात बसून राहिला.

रात्री जेवताना प्रचंड भांडण. आमच्यातले निम्मे म्हणाले, घ्यायला नको होतं, संहिता म्हणजे काय गंमत आहे का. दिग्दर्शक काहीच बोलला नाही, भाकरी मोडत बसला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, ती बाई नाटक बघायला आलीच नव्हती, ती घरात आली होती. म्हाताऱ्याचं काम करणारा म्हणाला, "मला तहान लागलेली होती यार." मला बोलणी बसली लाईट न घेतल्याबद्दल, आणि ती बरोबरच होती, ऑपरेटरने स्वतःच्या मनाने काही करायचं नसतं.

त्या नाटकाचे आजपर्यंत ४१ प्रयोग झाले. पाणी तीनदा मिळालं. एकदा त्या गावात, एकदा कोकणात एका शाळेत, आणि एकदा पुण्याच्या बाहेर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका सहा-सात वर्षांच्या मुलाने दिलं, त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या नाट्यगृहांत एकदाही नाही. तिथल्या लोकांना नाटक कसं बघायचं ते माहीत आहे. ते अस्वस्थ होतात, छान अस्वस्थ होतात, आणि प्रयोगानंतर येऊन सांगतात की ते पाण्याचं प्रतीक फार अंगावर आलं.

यावर मी कुणाला हसत नाही. मी स्वतः इतर ग्रुपची नाटकं बघताना कधी पाणी दिलेलं नाही. आणि छोट्या नाटकाचे दोष मला चांगले माहीत आहेत, चौदा वर्षं आतून बघतेय. प्रेक्षक तेच ते, त्यातले निम्मे दुसऱ्या ग्रुपमधले, जे आपल्याकडे येतात कारण आपण त्यांच्याकडे गेलो होतो, लग्नाच्या आहेरासारखं. आवाज पोचत नाही आणि त्याला संयत अभिनय म्हणायचं. गोष्ट कळत नाही आणि त्याला प्रायोगिक म्हणायचं. बरा नट दोन वर्षांत मालिकेत जातो, जाऊ दे की, त्याला घरभाडं भरायचंय, पण आपण मागे त्याच्या नावाने बोटं मोडतो आणि टीव्हीवर दिसला की स्क्रीनशॉट पाठवतो. लहानपणाचं कौतुक करायला मला आवडत नाही. उद्या कुणी पाचशे लोकांना दोन फुटांवर बसवायची युक्ती काढली तर मी पहिली जाईन.

पण काल रात्री परत तो फॉर्म उघडला आणि ठरवलं, जे आहे ते लिहायचं. लिहिलं की आम्ही अशा जागा शोधतो जिथे प्रेक्षकाचा हात नटापर्यंत पोचतो. तो हात पुढे यावा असं नाटक करायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा येत नाही. शब्द मोजले तर पंचवीससुद्धा भरले नाहीत. मग घाबरून त्यात 'युवा पिढी' आणि 'ग्रामीण भाग' घातलं, मग काढून टाकलं, मग 'ग्रामीण भाग' परत घातलं कारण ते खोटं नाहीये.

लाभार्थींच्या रकान्यात मी ३ लिहिलं. फॉर्मने घेतलं नाही, लाल अक्षरांत आलं, 'किमान संख्या १०० असावी'.

तेवढ्यात फोन वाजला. पुढच्या महिन्यात नगर जिल्ह्यात प्रयोग आहे, तिथले आयोजक. आवाज उत्साही, मागे कुठेतरी मुलं खेळतायत. म्हणाले, "ताई, सगळी तयारी झालीय, तुम्ही फक्त या. स्टेज मोठं आहे आमचं. आणि पाहुण्यांसाठी सोफापण सांगितलाय."

मी म्हटलं, "किती जणांचा?"